बैलासारखी बांधलेली नाव

नवरात्र उठलं की आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत दोन गोष्टी होतात. भाजीवाल्याच्या गाडीवर भरताची हिरवी वांगी दिसायला लागतात, आणि आमचे हे पार्किंगमधल्या ताडपत्रीवरची धूळ झटकायला घेतात. वांग्यांचं कौतुक सगळ्यांनाच. ताडपत्रीखाली काय आहे ते मात्र नव्या भाडेकरूंना ठाऊक नसतं, म्हणून ते विचारतात, "काका, जुनी गाडी का?" हे कमरेवर हात ठेवून सांगतात, "नाव आहे." समोरचा हसतो. पिंप्राळ्यात, स्कूटरींच्या रांगेत, नाव उभी आहे यावर कोण विश्वास ठेवील? मग मी वरच्या गॅलरीतून ओरडते, "अहो, खरंच नाव आहे! बसायचं असेल तर सांगा. पोहता येत नसलं तरी चालतं, मलाही येत नाही."

काल दुपारी नदीकाठावरून फोन आला. धरणाचे दरवाजे खाली आले, तापी भरायला लागली. फोन ठेवला आणि गॅसवरची डाळ तशीच सोडून मी कपाटात उन्हाची टोपी शोधत बसले. डाळ करपली. करपू दे. छत्तीस वर्षं शाळेत घंटेवर आणि घरात शिट्टीवर चालले, आता वर्षातून एकदा डाळ करपवायचा माझा हक्क आहे.

बाहेरगावचे लोक म्हणतात, खानदेशात कसली आली नाव? त्यांना ऊन, केळी आणि कापूस एवढंच ठाऊक. त्यांची चूक नाही म्हणा. माझं माहेर पारोळ्याचं. लहानपणी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे किल्ल्याच्या खंदकातलं, तेही हिरवंगार, आणि त्यात नुसता खडा टाकला तरी आई पाठीत धपाटा घालायची. तापी मी पाहिली ती बसच्या खिडकीतून, पुलावरून जाताना, हात जोडण्यापुरती. पण पावसाळा सरून पाणी अडवलं की ती फुगते. मागे मागे सरकत नाल्यांत शिरते, केळीच्या मळ्यांना खेटून आत घुसते, आणि कोसच्या कोस पाणी उभं राहतं. सरकारी भाषेत याला फुगवटा म्हणतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत आमचा समुद्र तोच. त्याला भरती-ओहोटीसुद्धा आहे. शेतीला पाणी सोडलं की ओहोटी, सोडणं थांबलं की पुन्हा जरा भरती. ही ओहोटी आमच्या अंगाशी आली, त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचं आहे.

हे एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले गळके नळ दुरुस्त केले. दुसऱ्या महिन्यात न गळणारेही केले, मग ते गळायला लागले. तिसऱ्या महिन्यात मी हात जोडले, "अहो, काय करायचं ते मोठं करा, पण माझ्या स्वयंपाकघराबाहेर करा." माणसाने ते फारच मनावर घेतलं. महिन्याभरात पार्किंगमध्ये लाकडाचा सांगाडा उभा राहिला, त्यावर फायबरचे थर चढायला लागले, आणि त्या रसायनाच्या वासाने खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. कॉलनीतल्या पोक्त मंडळींना रोज संध्याकाळी करमणूक झाली. "फोरमनसाहेब, आता समुद्र कधी आणताय?" हे गंभीरपणे सांगत, "समुद्र आहे तिथेच राहील, आपण जाऊ." फवारणी पंपाचं जुनं इंजिन त्यांनी नावेला बसवलं. ते पाण्यात दोन दिवस चाललं आणि तिसऱ्या दिवशी जे बसलं ते बसलंच. मग उरली दोन वल्ही. आणि साठी ओलांडलेली दोन माणसं, ज्यांनी आयुष्यात वल्हं हातात धरलं नव्हतं.

केळीच्या टेम्पोतून नाव यावलच्या बाजूला नेली. तिथे नदीला लागून एका ओळखीच्या मळ्यात खोली मिळाली. शुक्रवार-शनिवार-रविवार तिथे, बाकीचे दिवस जळगावात, असं आमचं त्या वर्षीचं वेळापत्रक. मळ्यातला तो गारवा मला आजही नाकात भरल्यासारखा आठवतो. केळीच्या पानांवरून सकाळी थेंब टपटपतात, जमीन ओली, आणि मळा संपतो तिथे एकदम पाणी, पार समोरच्या काठापर्यंत. पहाटे त्यावर धुकं असायचं आणि धुक्यातून माणसांचे आवाज आधी यायचे, नावा मागून दिसायच्या. मी चहाचा कप घेऊन काठावर उभी राहायचे आणि स्वतःला म्हणायचे, बाई, तू फार उशिरा आलीस इथे. पण आलीस ना.

इंजिन बसल्यावर वल्ही हातात घेतली, त्या पहिल्या दिवशी आमची नाव पाण्यात गोल गोल फिरली. हे डावं वल्हं मारत, मी उजवं, आणि दोघं एकमेकांना सूचना देत. त्यात माझा आवाज शाळेतला. तेवढ्यात बाजूने एक काळी लाकडी नाव आली. त्यात एकटी बाई, नऊवारी लुगडं, डोक्याला फडकं बांधलेलं, पायाशी ओली जाळी. ती थांबली, आम्हाला बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्हनी नाव गरबा खेळी राहिनी का?"

मला इतकं हसू आलं की वल्हं सुटता सुटता राहिलं. ह्यांना आलं नाही.

ती शेवंताअक्का. माहेर धुळ्याकडचं, म्हणून बोलणं अहिराणी, सासर या काठाचं. पन्नाशीची असेल. वल्हवायला मला तिने शिकवलं, आणि तेही एका वाक्यात. "दोन्ही हात सारखा चालना पाहिजे, नही ते नाव घर येस नही." ह्यांना तिने शिकवायचा प्रयत्न केला नाही. फोरमनला शिकवता येत नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असावं. मला ते कळायला सात वर्षं लागली होती.

पाण्यावरच्या लोकांच्या काही रीती आहेत, त्या कुणी सांगत नाही, बघून शिकाव्या लागतात. दोन नावा भेटल्या की दोर टाकायचा नाही. एकमेकांच्या नावेचा काठ हाताने धरायचा आणि बोलायचं. जोवर हात काठावर आहे तोवर बोलणं चालू. निघायचं झालं की "येऊ का" वगैरे नाही, समोरच्याची नाव हाताने हलकेच ढकलायची. सुरुवातीला मला तो अपमान वाटायचा. चांगलं बोलता बोलता ढकलून देतात म्हणजे काय! नंतर लक्षात आलं की ते ढकलणंही मायेचं असतं. पुढच्याला पहिलं वल्हं मारायचे कष्ट वाचतात. अजूनही कॉलनीत कुणी जिन्यात गाठून फार वेळ बोलत राहिलं की माझा हात त्यांना ढकलायला शिवशिवतो.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून रफिकभाई यायचे. त्यांचं शहरात वेल्डिंगचं दुकान, आणि नाव स्वतः बनवलेली, पत्र्याची. पाण्यात ती एवढा आवाज करायची की मासे आधीच घरी जात असतील. त्यांना मासे मिळाल्याचं मी एकदाच पाहिलं. "भाभी, मासा हा बहाणा आहे," ते म्हणत, "सहा दिवस डोळ्यासमोर ठिणग्या असतात. सातव्या दिवशी पाणी बघायला येतो." येताना नानकटाई आणायचे, आणि डबा एका नावेतून दुसऱ्या नावेत फिरायचा. आणि होते पंडितनाना. सत्तरीचे, मासेमारांच्या सोसायटीचे प्रमुख, पांढऱ्या मिशा, आवाज असा की समोरच्या काठावरची म्हैस मान वर करायची. ते ह्यांना "साहेब" म्हणत. रोज विचारत, "काय करून राह्यले साहेब? आज तरी सरळ चालली का नाव?"

अक्काची गोष्ट मला नानांकडूनच कळली. तिचा नवरा नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात तापाने गेला. पदरी दोन मुली, दोघी शाळेत. सोसायटीत नाव होतं नवऱ्याचं, आणि ज्याचं नाव त्यालाच मधल्या पाण्यात जाळं टाकता येतं. आता त्या नावावर तिच्या दिराने, भगवानने, हक्क सांगितला होता. तो बारा वर्षं सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, काम सुटलं म्हणून परतला होता. होळीच्या आधी सभा होऊन ठरायचं होतं, नाव अक्काचं लागणार की भगवानचं.

"मग अडचण काय?" मी विचारलं, "रोज जाळं तर तीच टाकते."

"काठाले टाकते," नाना म्हणाले. "आमच्यात नेम एकच हाये, बाई. पौषातलं वारं सुटलेलं असताना मधलं पाणी जो कापतो, तोच सभासद. ते पाह्यलेला मानूस पाहिजे. अक्काले कोन पाह्यलं?"

कुणी पाहिलं नव्हतं, कारण ती दिसू देत नव्हती. उजाडायच्या आत जायची आणि लोक दात घासायला यायच्या आत परतायची. नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि बाई एकटी मधल्या पाण्यात हिंडते, हे बोलायला गावाला जिभा होत्याच. "पाणी बठ्ठासनं शे बाई, पण तोंडं गावनी शेतस," ती एकदा मला म्हणाली. पाणी सगळ्यांचं, पण तोंडं गावाची. मला तिचा राग आला होता तेव्हा. अगं, जे येतं ते लपवतेस कशाला? पण मी पेन्शनवाली, मला असं म्हणायला काय जातंय!

आता ह्यांच्याबद्दल. हे शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी दोन बैल यांच्या हाताखाली होते आणि ते बांधायची गाठ बोटांत अजून आहे. आमच्या लोकांना जनावर बांधायची एकच रीत माहीत: आखूड बांधायचं. सैल सोडलं तर ते शेजाऱ्याच्या कपाशीत घुसतं, आणि मग दोन घरांत तीन पिढ्या बोलणं बंद. हे रोज संध्याकाळी नाव काठावरच्या बाभळीला आणत, दोर बुंध्याला दोन वेढे देत, ताणत, गाठ मारत आणि वर एक थाप मारत. नावेला! थाप! बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

पौषातल्या एका शनिवारी भोंगा फिरला की उद्या पहाटे हरभऱ्याला पाणी सोडणार. अक्का जाता जाता थांबली, आमच्या नावेचा काठ धरून म्हणाली, "भाऊ, आज दोर ढिला ठेवजा." हे म्हणाले, "ढिला ठेवला आणि नाव गेली म्हणजे?" अक्काने माझ्याकडे पाहिलं, नाव ढकलली आणि गेली. मी काही बोलले नाही. माझीही चूक. एवढं बोलणारी मी, नेमकी त्या दिवशी गप्प बसले, कारण वांगी भाजायला टाकली होती.

सकाळी आम्ही काठावर आलो आणि बघतच राहिलो. पाणी दोन हात उतरलं होतं. नाव नाकावर टांगलेली, पुढचा भाग बाभळीला लटकून हवेत, मागचा पाण्यात. आतलं सगळं मागे घसरून नदीत गेलेलं. डबा, चटई, आणि दोन्ही वल्ही. दोर असा ताणलेला की गाठीत नखसुद्धा जाईना. उत्तरेकडून, सातपुड्यावरून, बोचरं वारं सुटलं होतं आणि पाण्यावर लाटा उठत होत्या. हे तिरमिरीत नावेत चढले. "अहो, थांबा," मी म्हटलं. यांनी मळ्यातला कोयता घेतला होता, तो दोरावर घातला. दोर तुटला, नाव धपकन पाण्यात पडली, मागे घसरली, आणि वाऱ्याने तिला धरलं. बघता बघता हे काठापासून वीस हात, चाळीस हात, शंभर हात. हातात फक्त कोयता.

माझा नवरा मधल्या पाण्यात चालला होता आणि मला पोहता येत नव्हतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक त्यांचं नाव घेतलं असावं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. धुकं पार उडून गेलं होतं, काठावर दुसरं कुणी नव्हतं. ह्यांनी दोन्ही हातांनी नावेचा काठ धरला होता. लाट आली की नाव आडवी व्हायची आणि मी डोळे मिटायचे.

मग खालच्या वळणावरून ती काळी नाव आली. अक्का जाळी काढून परतत होती. तिने एकदा काठाकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि नावेचं तोंड सरळ वाऱ्याकडे फिरवलं. तसं वल्हवणं मी नंतर कुणाचं पाहिलं नाही. घाई नाही, झटापट नाही. लाट आली की थांबायची, गेली की दोन हात सारखे. मला तिचा आवाज ऐकू आला, "भाऊ, खाले बठा! हालू नका!" तिने दोर टाकला, ह्यांनी तो कडीत अडकवला, आणि ती ओढायला लागली. एक नाव वल्हवत, दुसरी ओढत, वाऱ्याच्या विरुद्ध. अर्धा तास तरी लागला असेल. काठाला लागल्यावर तिने घाम पुसला आणि एवढंच म्हणाली, "नाव काय बैल नही शे, भाऊ. पाणी चढस, उतरस. दोर ढिला ठेवाना."

मी तिला मिठी मारली आणि रडले. मासळीचा वास, ओलं लुगडं, सगळ्यासकट. ह्यांनी हात जोडले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

शब्द फुटला तो दुपारी, घाटावर. पंडितनानांनी विचारलं, "साहेब, वल्ही कुठी गेली?" आणि माझ्यादेखत हे म्हणाले, "वाऱ्याने नाव सुटली होती. बसायची फळी उपटली आणि त्या फळीनेच वल्हवत आणली काठाला." मी वळून बघितलं. अक्का चार पावलांवर जाळं झटकत बसली होती. तिने मान वर केली नाही. नाना म्हणाले, "वा रे साहेब!" आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर मी भांडले. यथास्थित भांडले. "त्या बाईने जीव वाचवला आणि तुम्ही फळी कुठून काढली?" हे खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तोंडातून निघून गेलं. आता कसं परत घेऊ?" मी अक्काकडे जाऊन माफी मागितली. ती हसली. "ऱ्हाऊ द्या बाई. माणूसले वाटस तशे. मन्हा मालकबी असाच व्हतात."

पुढच्या शुक्रवारी रफिकभाई आले. पत्र्याच्या नावेतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लांब वस्तू काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "भाभी, वल्ही आमच्याकडे पाहुणी आली होती. चहा-पाणी झालं, आता परत निघालीत." कुठे सापडली ते सांगितलं नाही, कशी वाहून गेली ते विचारलं नाही. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रफिकभाईंनी डबा पुढे केला, "साहेब, नानकटाई घ्या."

ती संध्याकाळ मात्र मला फार आवडते. सगळ्यांनी मिळून काठावर भरीत केलं होतं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या भाजल्या, लाकडी परातीत मुसळाने ठेचलं, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. अक्काच्या मुलींनी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आणल्या होत्या. नावा शेजारी शेजारी काठाला लागलेल्या, दोर सगळ्यांचे ढिले, आमचाही. नाना ह्यांना तीच फळीची गोष्ट पुन्हा सांगायला लावत होते, आणि हे सांगत होते, पण आवाज आधीसारखा नव्हता. मी अक्काला भरीत वाढलं. दोनदा वाढलं. एवढंच करता येत होतं, याची मला लाज वाटली.

फाल्गुन लागला. पाणी खूप खाली गेलं, वारं पडलं, नदी ताटातल्या पाण्यासारखी शांत झाली. सभेच्या दिवशी घाटावरच्या महादेवाच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं बसली. त्या मोसमात ज्याची नाव पाण्यात होती त्या प्रत्येकाला बसायचा आणि बोलायचा मान, म्हणून आम्हीही होतो, रफिकभाईही. अक्का खांबाला टेकून, मुली मागे. भगवान समोर, इस्त्रीचा शर्ट घालून. तो वाईट माणूस नव्हता. उभं राहून सरळ बोलला, "वहिनीले मी वाऱ्यावर सोडनार नही. पण मधल्या पाण्यात बाईचं काम नही. नाव माझं लागू द्या, घर मी चालवीन."

नाना म्हणाले, "अक्का, तू वाऱ्यात मधलं पाणी कापलं का?"

"कापं."

"कोन पाह्यलं?"

मी अक्काकडे बघत होते. तिने आमच्याकडे बघितलं नाही. मुद्दाम, हे मला कळत होतं. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं, पण तो शब्द ह्यांच्या तोंडावर पडला असता, आणि ती तो टाकणार नव्हती. आज करून दाखव म्हणावं तर वारं पुढच्या पौषाशिवाय यायचं नव्हतं. नाना वाट बघत होते. मी पाहिलं होतं, मी काठावर उभी होते. पण मी बोलले म्हणजे चाळीस माणसांपुढे स्वतःच्या नवऱ्याला खोटं ठरवणार. आणि नाही बोलले तर त्या दोन मुलींच्या तोंडचा घास दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार. मी मनाशी म्हटलं, बास झालं, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

ह्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. मी इतकी चिडले की हात झटकणार होते, तर हे स्वतः उभे राहिले होते.

"मी पाहिलं," हे म्हणाले.

"तुम्ही, साहेब? कधी?"

"त्या रविवारी. फळीची गोष्ट सांगितली ना, ती खोटी होती." घसा खाकरून हे बोलत राहिले, एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसे, एकामागे एक. "मी नाव बैलासारखी आखूड बांधली. पाणी उतरलं, नाव टांगली, वल्ही वाहून गेली. मी रागाने दोर कापला आणि कोयता हातात घेऊन मधल्या पाण्यात गेलो. काही करू शकलो नाही. काठ धरून बसलो होतो. रडायचाच बाकी होतो. ह्या बाईंनी मला ओढून आणलं. वल्हवताना त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. अर्धा तास मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या एकदाही चुकल्या नाहीत. वारं कसं होतं ते माझ्या बायकोला विचारा."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बैलासारखी!" आणि ओट्यावर हशा उसळला. लोक मांड्या ठोकून हसत होते. "साहेब, चारा-पाणी केलं का नावेले?" "थाप मारली का पाठीवर?" मारली होती, पण ते मी सांगितलं नाही. हे खाली बसले नाहीत. तो सगळा हशा त्यांनी उभ्याने घेतला, हात बाजूला सोडून. छत्तीस वर्षांत मला हा माणूस इतका आवडला नव्हता, हे मी आज लिहून टाकते.

हसू थांबल्यावर नानांनी मिशा पुसल्या आणि वहीत लिहिणाऱ्याला सांगितलं, "शेवंताचं नाव लिही." भगवान उठला, वहिनीला नमस्कार केला आणि निघून गेला. पुढच्या महिन्यात तो परत सुरतेला गेला. त्यालाही पोट होतं. तेही मी विसरत नाही.

सभा उठली. माणसं घाटाच्या पायऱ्या उतरताना अजून खिदळत होती. हे आमच्या नावेजवळ एकटे उभे होते, दोर गुंडाळत, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. अक्काची नाव शेजारीच होती. अक्का स्वतःच्या नावेकडे गेलीच नाही. लुगडं सावरून सरळ आमच्या नावेत चढली, मागच्या फळीवर बसली आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, माले पल्ल्याड सोडी द्या. मन्ही नाव ऱ्हाऊ द्या आठेच. आज मी नुसती बठसू."

घाटावरचं हसणं थांबलं. ही बाई दुसऱ्याच्या हातच्या नावेत बसलेली तिथे कुणी पाहिली नव्हती. मी पुढे जाऊन बसले. ह्यांनी वल्ही घेतली. पहिला हात उथळ गेला, पाणी माझ्या अंगावर उडालं, नाव जराशी वाकडी झाली. मी अक्काकडे बघितलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती पलीकडचा काठ बघत होती. काठ येईपर्यंत तिने एकदाही वल्ह्यांकडे पाहिलं नाही.